व्यवहाराचे इंग्रजी : पाठ्यपुस्तकातून फोनपर्यंत

वाणिज्य शाखेचा पदवीधर नोकरीच्या मुलाखतीस बसलेला असतो. शाळा आणि महाविद्यालय मिळून बारा-पंधरा वर्षे त्याने इंग्रजी हा विषय शिकलेला आहे. कर्तरी वाक्याचे कर्मणी करणे, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करणे यांत त्याचा हात धरणारे थोडेच. समितीतील एक सदस्य त्याला सांगतो, "आपला माल चार दिवस उशिरा पोहोचणार आहे. मी ग्राहक आहे असे समजा आणि मला फोनवर तसे कळवा." माल, उशीर, चार, दिवस या सगळ्यांचे इंग्रजी शब्द त्याला येतात. तरीही पहिले वाक्य जुळत नाही. 'हॅलो सर' म्हणून तो थांबतो आणि समोरच्या कागदावर 'संभाषणकौशल्य कमी' अशी नोंद होते.

नोंद चुकीची नाही, पण अपुरी आहे. त्या तरुणाला इंग्रजी येत नाही असे नव्हे. हे काम इंग्रजीतून करण्याची वेळ त्याच्यावर यापूर्वी कधी आलेलीच नाही. भाषेची माहिती असणे आणि भाषेतून काम करता येणे यांतील हे अंतर कसे भरून काढावे, हा विद्यापीठीय स्तरावरील व्यावसायिक इंग्रजीच्या अध्यापनाचा कळीचा प्रश्न आहे. प्रत्यक्ष जीवनातील प्रसंग वर्गात आणून बोलण्याचा सराव देणे, हे त्याचे जगभर स्वीकारले गेलेले उत्तर होय.

पाठमालेपासून कृतीपर्यंत

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८५७ मध्ये विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा इंग्रजीचे शिक्षण मुख्यत्वे ग्रंथवाचन, भाषांतर आणि कचेरीतील लेखन यांसाठी होते. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर अनेक पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले. मराठी वाक्य घ्यायचे, त्याला नियम लावायचा आणि इंग्रजी वाक्य सिद्ध करायचे, या पद्धतीने वाचन-लेखनाचा पाया पक्का होत असे. बोलण्याच्या बाबतीत मात्र ती लंगडी पडते, कारण मनातल्या मनात भाषांतर पुरे होईपर्यंत समोरचा माणूस थांबत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विचाराला वळण मिळाले. बोलणे ही स्वतःच एक कृती असते, हा जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाचा विचार १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वचन देणे, माफी मागणे, नकार देणे ही कामे शब्दांनीच घडतात. केवळ शुद्ध वाक्य रचता येणे पुरेसे नाही, ते कोणाशी, केव्हा आणि कसे बोलावे हेही कळले पाहिजे, असे भाषावैज्ञानिक डेल हाइम्स यांनी प्रतिपादन केले आणि 'संप्रेषणक्षमता' ही संकल्पना रूढ केली. अभ्यासक्रमाची मांडणी व्याकरणाच्या प्रकरणांऐवजी भाषेने साधावयाच्या कामांनुसार करता येईल, हे डी. ए. विल्किन्स यांच्या १९७६ मधील पुस्तकाने दाखविले. विशिष्ट प्रयोजनासाठी इंग्रजी शिकविण्याची स्वतंत्र शाखाही याच काळात आकारास आली. विद्यार्थ्याला इंग्रजी नेमके कशासाठी हवे, हा तिचा पहिला प्रश्न असतो.

या परिवर्तनात भारताचा वाटाही मोठा आहे. एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये झालेला प्रयोग 'बंगलोर प्रकल्प' म्हणून भाषाशिक्षणाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे अशी सामग्री ठेवली जाई आणि त्यावर आधारित कोडी इंग्रजीतून सोडविण्यास सांगितले जाई. लक्ष अर्थाकडे असताना भाषा आपोआप आत्मसात होते, अशी त्यामागील धारणा होती. आज 'कार्याधारित अध्यापन' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे एक महत्त्वाचे मूळ या प्रयोगात आहे.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पूर्वी पाचवीपासून शिकविले जाणारे इंग्रजी २००० पासून पहिलीपासून सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले २०१२ च्या सुमारास महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात पोहोचली. इंग्रजीशी त्यांचा परिचय मागील पिढीपेक्षा चार वर्षांनी अधिक होता. परंतु केवळ वर्षे वाढल्याने जीभ सैल होत नाही. त्या वर्षांत विद्यार्थी स्वतः किती बोलला, यावर सारे अवलंबून असते.

प्रसंग खरा केव्हा ठरतो?

'प्रत्यक्ष जीवनातील प्रसंग' म्हणजे पाठ्यपुस्तकातील संवाद दोघांनी उभे राहून वाचणे नव्हे. लंडनच्या कार्यालयातील काल्पनिक व्यवस्थापकाचे संभाषण पाठ केलेल्या विद्यार्थ्याला पुढील वाक्य आधीच ठाऊक असते. खऱ्या व्यवहारात नेमके तेच ठाऊक नसते. म्हणून प्रसंग निवडताना चार प्रश्नांची उत्तरे आधी निश्चित करावी लागतात. कोण बोलतो आहे? कोणाशी बोलतो आहे? त्याला काय साधायचे आहे? आणि ते साधले की नाही, हे कशावरून ठरणार?

असे प्रसंग शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सोलापूरचे टॉवेल, इचलकरंजीचे कापड, कोल्हापूरचे ओतकाम, सांगलीची हळद, नाशिकची द्राक्षे या साऱ्यांना परप्रांतात वा परदेशात ग्राहक आहेत आणि त्यांच्याशी कोणीतरी बोलावेच लागते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली होती. अशा वेळी तिकडच्या खरेदीदाराला प्रयोगशाळेचा अहवाल समजावून सांगणे, त्याची शंका फेडणे आणि पुढील खेपेबाबत विश्वास देणे हे काम नाशिकच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला परके वाटत नाही. विषय घरचा असतो, फक्त भाषा नवी असते.

प्रसंगासोबत खरी कागदपत्रेही हवीत. दरपत्रक, खरेदी आदेश, बीजक, मालाची यादी, वाहतुकीची पावती यांच्या प्रती, नावे व आकडे बदलून, वर्गात वापरता येतात. कागद हातात असला की 'काय बोलू?' हा प्रश्न उरत नाही आणि विद्यार्थ्याला सारे लक्ष 'कसे बोलू?' यावर देता येते.

एका तासाची आखणी

उदाहरणादाखल एक प्रसंग पाहता येईल. सोलापूरच्या एका काल्पनिक कारखान्याने हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याला ६,००० टॉवेल पाठवायचे आहेत. विद्यार्थ्यांच्या जोड्या पाडून प्रत्येकाला एकेक चिठ्ठी द्यावी. कारखान्याच्या प्रतिनिधीच्या चिठ्ठीत लिहिलेले असते : ४,५०० टॉवेल तयार आहेत, उरलेल्या १,५०० चा रंग पक्का न बसल्याने आठ दिवस लागतील, मालकाने जास्तीत जास्त ५ टक्के सवलत देण्याची मुभा दिली आहे. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीतील मजकूर वेगळा असतो : मागची खेपही उशिरा आली होती, नव्या दुकानासाठी ठरल्या तारखेस किमान ४,००० टॉवेल हवेतच, उरलेले नंतर आले तरी चालतील, मात्र विचारल्याखेरीज हे सांगायचे नाही.

दोघांनी एकमेकांची चिठ्ठी पाहायची नाही. पहिली दहा मिनिटे तयारीसाठी असतात. त्या वेळी मराठीतून विचार करण्यास आणि टिपणे काढण्यास मोकळीक द्यावी. त्यानंतर दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे, म्हणजे फोनप्रमाणेच हावभावांचा आधार उरत नाही, आणि आठ मिनिटांत व्यवहार मिटवावा. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे.

या प्रसंगाची किल्ली एका साध्या प्रश्नात आहे. 'हाऊ मेनी पीसेस डू यू नीड बाय दॅट डेट?' असे विचारणाऱ्याला सवलत न देताही तोडगा सापडतो. व्याकरणात निर्दोष असलेला विद्यार्थी घाईने ५ टक्के सोडून मोकळा होतो आणि अडखळत बोलणारा दुसरा एखादा नेमका प्रश्न विचारून कारखान्याचे पैसे वाचवितो, असेही घडू शकते. व्यवहारात भाषेचे मोल कशावर ठरते, हे वर्गाला त्यातून व्याख्यानाशिवाय उमगते.

भाषेचा पाठ त्यानंतर सुरू होतो. ध्वनिमुद्रण ऐकून शिक्षकाने तीन-चारच वाक्ये फळ्यावर घ्यावीत. वाईट बातमी कशी सांगावी, कारण किती द्यावे, ठरलेली गोष्ट शेवटी पुन्हा उच्चारून पक्की कशी करावी, हे त्यावरून दाखवावे. मग जोड्या बदलून तोच प्रसंग पुन्हा करावा. पहिल्या प्रयत्नात जे शब्द सापडले नाहीत ते विद्यार्थ्याला आता हवे असतात, म्हणून ते लक्षात राहतात. ही पुनरावृत्ती वगळली तर तास करमणुकीचा होतो, शिक्षणाचा नव्हे.

आदर क्रियापदात की वाक्यात?

मराठी भाषकाला इंग्रजी बोलताना येणाऱ्या काही अडचणी शब्दसंग्रहाच्या नसून भाषेच्या घडणीतून आलेल्या आहेत. मराठीत 'पाठव' आणि 'पाठवा' यांत केवळ एका स्वराचा फरक आहे. पण तेवढ्याने आदर व्यक्त होतो. 'कोटेशन पाठवा' हे वाक्य मराठीत सभ्य आहे. त्याचे शब्दशः 'सेंड द कोटेशन' केले की इंग्रजीत तो हुकूम होतो, कारण इंग्रजी क्रियापदाला आदराचे रूपच नाही. 'प्लीज' जोडूनही आज्ञेचा सूर पुरता जात नाही. इंग्रजीत आदर वाक्याच्या रचनेत ठेवावा लागतो : 'कुड यू सेंड अस द कोटेशन बाय फ्रायडे?' मराठी विद्यार्थी बोलताना वाक्यागणिक 'सर' का म्हणतो, याचे एक कारण येथे सापडते. क्रियापदात न मावलेला आदर तो संबोधनातून भरून काढीत असतो.

दुसरे उदाहरण होकाराचे. मराठीत समोरचा बोलत असताना 'हो, हो' म्हणणे म्हणजे 'ऐकतो आहे' एवढेच सुचविणे. त्याच सवयीने फोनवर 'येस, येस' म्हटले, तर परदेशी ग्राहक ते संमतीदर्शक समजू शकतो आणि दराच्या बोलणीत ते महागात पडते. नकारार्थी प्रश्नाचेही तसेच. 'माल अजून पाठवला नाही का?' या प्रश्नाला मराठीत 'हो, नाही पाठवला' हे उत्तर स्वाभाविक आहे. इंग्रजीत नुसते 'येस' म्हटले तर माल पाठविला असा अर्थ निघतो. अशा जागा व्याकरणाच्या पुस्तकात क्वचितच भेटतात, व्यवहारात मात्र वारंवार येतात. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक त्या नेमक्या हेरू शकतो, आणि या बाबतीत मराठी येणारा शिक्षक परदेशी शिक्षकापेक्षा सरस ठरतो.

संख्यांचाही सराव स्वतंत्रपणे द्यावा लागतो. लाख-कोटींची सवय झालेल्याला २५ लाख म्हणजे अडीच मिलियन हे बोलता बोलता सुचले पाहिजे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांची फोनवर गल्लत होते, म्हणून 'वन फाइव्ह' असे अंक सुटे सांगण्याची सवय लावावी. ५/६ ही तारीख भारतात ५ जून, तर अमेरिकेत ६ मे ठरते. तेव्हा महिन्याचे नाव उच्चारणे इष्ट.

नम्रतेची मर्यादा

नम्रतेइतकीच स्पष्टताही शिकवावी लागते. ती नसल्यास काय घडू शकते, याचे दारुण उदाहरण विमान वाहतुकीच्या इतिहासात आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे येत असताना खराब हवामान आणि गर्दीमुळे त्याला तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आल्याचे सहवैमानिकाने नियंत्रकांना कळविले. परंतु आणीबाणी जाहीर करणारा ठरीव शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांना परिस्थितीची तीव्रता जाणवली नाही. अखेर विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि विमानातील १५८ जणांपैकी ७३ जणांचा मृत्यू झाला. आणीबाणी जाहीर न होणे हे चौकशीत नोंदलेल्या प्रमुख कारणांपैकी एक होते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पुढे वैमानिक आणि नियंत्रक यांच्या इंग्रजी बोलण्या-ऐकण्याच्या क्षमतेचे सहा स्तर निश्चित केले आणि किमान चौथा स्तर आवश्यक ठरविणारी तरतूद २००८ पासून लागू झाली. कार्यालयातील चुकीने जीव जात नाहीत हे खरे. पण वरिष्ठांपुढे वा ग्राहकापुढे वाईट बातमी मवाळ करून सांगण्याची प्रवृत्ती तीच असते. 'आय विल ट्राय, सर' या उत्तरात काम होणार की नाही, हे कळत नाही. 'बुधवारपर्यंत होणार नाही, शुक्रवारी नक्की देतो' हे सभ्य आणि निःसंदिग्ध इंग्रजीत सांगता येणे, हे व्यावसायिक संभाषणातील मोठे कौशल्य आहे.

उच्चार किती महत्त्वाचा?

बोलण्याचे भय बहुधा उच्चारांपाशी येऊन थांबते. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या उच्चारांची लाज वाटते आणि तो गप्प राहणे पसंत करतो. परंतु साहेबी ढंगात बोलणे हे उद्दिष्टच नव्हे, समोरच्याला कळणे हे उद्दिष्ट आहे. भारतीय इंग्रजी श्रोत्यांना कितपत समजते, याचा आर. के. बन्सल यांनी केलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये असे मांडले की, इंग्रजी मातृभाषा नसलेले दोघे परस्परांशी बोलतात तेव्हा काही उच्चारभेदांनी आकलनात बाधा येत नाही, तर काहींनी येते. इंग्रजांसारखा 'थ' न जमल्याने फारसे अडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ स्वरांतील फरक आणि वाक्यातील योग्य शब्दावरचा जोर मात्र सांभाळावा लागतो.

मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बराचसा पुसट असल्यामुळे 'चिप' आणि 'चीप' यांतील अंतर मुद्दाम घोटून घ्यावे लागते. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्ही अक्षरांसाठी मराठीत एकच 'व' असल्याने फोनवर नावाचे स्पेलिंग सांगताना 'व्ही फॉर व्हिक्टर' असे सांगण्याची सवय उपयोगी पडते. एवढ्या मोजक्या गोष्टी सुधारल्या की उरलेला मराठी वळणाचा उच्चार खुशाल राहू द्यावा.

शंभर विद्यार्थी, एक तास

या पद्धतीवरील सर्वांत रास्त आक्षेप संख्येचा आहे. ४८ मिनिटांच्या तासिकेत १०० विद्यार्थ्यांनी एकामागून एक बोलायचे ठरविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिटही येत नाही. शिक्षकच बोलत राहिला तर तेवढेही नाही. परंतु सर्व जोड्या एकाच वेळी बोलल्या, तर आठ मिनिटांच्या सरावात प्रत्येकाला सुमारे चार मिनिटे मिळतात. गलका होतो, आणि तो होऊ द्यावा. बाजारात आणि कार्यालयातही शांतता नसते. तिघांचा गट केल्यास तिसरा निरीक्षक होतो आणि नियंत्रणाचे ओझे शिक्षकावरच राहत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संभाषण-साधनांशी आता घरीही सराव करता येतो. भीड मोडण्यास ती उपयुक्त आहेत. मात्र रागावलेल्या, घाईत असलेल्या हाडामांसाच्या ग्राहकाला समजावणे वर्गातल्या सोबत्याबरोबरच शिकता येते.

मूल्यमापन हा दुसरा अडसर होय. जे परीक्षेत नाही ते विद्यार्थी मनावर घेत नाहीत आणि लेखी प्रश्नपत्रिकेत 'टेलिफोनवरील शिष्टाचार' या विषयावर टीप लिहून गुण मिळत असतील, तर फोन उचलायचे कारणच उरत नाही. जगप्रसिद्ध परीक्षाही या दोषातून सुटल्या नव्हत्या. कार्यालयीन इंग्रजीसाठी १९७९ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या 'टोइक' परीक्षेत प्रारंभी केवळ श्रवण आणि वाचन तपासले जाई; बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या चाचणीची भर २००६ मध्ये पडली. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक चौकटीत ए-१ ते सी-२ असे सहा स्तर आहेत आणि प्रत्येक स्तराचे वर्णन 'विद्यार्थ्याला काय करता येते' या स्वरूपात केलेले आहे. महाविद्यालयीन तोंडी परीक्षेसाठीही हाच मार्ग सोयीचा आहे. काम झाले का, समोरच्याला कळले का, सूर योग्य होता का, या तीन प्रश्नांना अधिक गुण असावेत आणि व्याकरणाच्या अचूकतेला त्यानंतरचे स्थान असावे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. वाचनाची जोड नसेल तर विद्यार्थी ठरीव वाक्यांपुढे जात नाही, आणि शिक्षकाची तयारी नसेल तर वर्गातील प्रसंग नाटुकले ठरतो. परंतु तिचा खरा लाभ भाषेपलीकडचा आहे. घरच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळलेला, बाजार समितीत वडिलांबरोबर भावासाठी झगडलेला, उधारी गोड बोलून वसूल केलेला विद्यार्थी व्यवहारात कच्चा नसतो. मन वळविणे, नकार देणे, वेळ मागून घेणे या कला त्याला मराठीतून अवगत असतात. इंग्रजीच्या तासाला मात्र त्याला शून्यापासून सुरुवात केल्यासारखे वाटत आले आहे. त्याच्यापाशी असलेले हे शहाणपण ओळखून त्याला इंग्रजी वाक्यांची जोड मिळाली, तर मुलाखतीत समितीचा फोन घेताना तो 'हॅलो सर' पाशी थांबणार नाही.